किल्ल्याचा उंबरठा

आज आपण कंधारच्या किल्ल्याबद्दल बोलू. लग्नाकार्याला कंधारला गेलेल्या आपल्यात पुष्कळजणी असतील, पण खंदक ओलांडून आत किती गेल्या? आमच्या बचत गटात विचारलं, तर अकराजणींपैकी तिघीच निघाल्या. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मुदखेडहून काळीपिवळी ठरवली आणि निघालो.

आमच्यात एक आत्याबाई आहेत. गुडघे गेलेले, कुबडी घेऊन चालतात. गाडीत सगळ्यात पुढे त्याच बसल्या होत्या. कंधारचा किल्ला भुईकोट, म्हणजे डोंगर नाही, चढण नाही. आत्यांना जमेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण दरवाजाजवळचे उंचसखल दगड पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. आत काय आहे ते मला सांगा, पण खोटं सांगू नका."

आम्ही आत गेलो, पण मन काही लागेना. आणि तिथेच एक गोष्ट ध्यानात आली. हा किल्ला बांधलाच होता माणसाला अडवायला. भोवती पाण्याचा खंदक. एकामागे एक दरवाजे, मधे वळणं, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये. अशा दरवाजांचे उंबरेही उंच. शत्रू अडखळावा म्हणून केलेली ही सगळी सोय आज आमच्या आत्यांना अडवते. शत्रू तर केव्हाच गेले.

तसे ते खूप आले आणि खूप गेले. कंधार हे राष्ट्रकूटांचं नगर. दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णराजाच्या काळचा शिलालेख इथे सापडला आहे, आणि किल्ल्याची सुरुवातही त्याचीच मानतात. जवळचा जगत्तुंग सागर तलावही राष्ट्रकूटांचाच. पुढे बहामनी आले, अहमदनगरची निजामशाही आली, मलिक अंबरचा काळ आला. १६३१ साली शहाजहानच्या फौजेने किल्ला घेतला. नंतर हैदराबादचा निजाम, तो थेट १९४८ पर्यंत. किल्ल्यात मशीद आहे, महालांचे अवशेष आहेत, फारसी-अरबी लेख आहेत, जुन्या मूर्तीही आहेत. एकाच तटाच्या आत एवढ्या राजवटी! एका अर्थी हे उघडं संग्रहालयच.

पण राजांच्या यादीत आपण कुठे? इतक्या शिबंदीला भाकरी लागत असणार. दळण कुणी दळलं, पाणी कुणी भरलं? त्या बायका रोज याच दरवाजातून ये-जा करत असतील, डोक्यावर ओझं घेऊन. त्यांच्या लेकी-सुनांना आज बाहेर बसायची वेळ यावी, हे आम्हाला पटत नाही.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाने किल्ल्यावर जायचंच कशाला? आमच्या घरातही एकाने म्हटलं. त्याला उत्तर कायद्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत असं सांगितलं आहे. दुसरीकडे जुन्या वास्तू जपण्याचा राज्याचा कायदाही १९६० पासून आहे. दगडाला धक्का लावायचा नाही, हेही बरोबरच. मग दोन्ही कसं जमवायचं?

जमतं. उताराचा साधा हिशोब असा: एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. लाकडाचा सुटा उतार उंबऱ्यावर ठेवायचा, काम झालं की उचलायचा. एक खिळाही ठोकावा लागत नाही. दाराशी एक चाकाची खुर्ची. सावलीत पाठ टेकायला बाक, कारण दहा पावलांवर दम लागणारं माणूसही पाहुणंच. फलक मोठ्या अक्षरात, डोळ्यांच्या उंचीवर, सोप्या मराठीत. आणि जिथे उतार बसणारच नाही, तिथलं आतलं चित्र बाहेर दाखवायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून 'अनुभव' नावाचं दालन आहे, तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहता येतात. आपल्याकडे का नको?

हे आम्हाला कळलं ते परत येताना. कंधारजवळ मानसपुरीला क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. अख्खी मूर्ती पन्नास फुटांहून उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्यातल्या एका ताईंना डोळ्यांनी दिसत नाही. किल्ल्यात त्या आमचा हात धरून गप्पच होत्या. इथे त्या खाली बसल्या, दगडावर हळूहळू हात फिरवला, वितीने मोजू लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हे बोट आहे!" दिसणाऱ्या आम्हा नऊजणींना तोवर तो नुसता दगड वाटत होता.

आत्या गाडीत बसून ऐकत होत्या. किल्ल्यात काय पाहिलं ते आम्ही त्यांना सांगितलं खरं, पण एकीने कमानी सांगितल्या, दुसरीने वटवाघळं, आणि तिसरीला तर आठवेचना. आत्या म्हणाल्या, "यापेक्षा मीच बघितलेलं बरं."

आता पुरातत्त्व खात्याला द्यायचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. एक सुटा उतार, एक खुर्ची, दोन बाक, एवढंच मागितलंय. सह्या झाल्यात. आत्यांचा अंगठा सगळ्यात वर आहे.