अ‍ॅग्नेसबाईंचं फूल

आज आपण बोलणार आहोत एका फुलाविषयी आणि ते फुलवणाऱ्या बाईविषयी.

आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर आमरी वाढते. तिलाच ऑर्किड म्हणतात. रानात पिढ्यान्‌पिढ्या आपोआप वाढत आलेली ती मूळ जात. दोन वेगळ्या जातींचा मेळ होऊन तिसरं रोप आलं, तर तो संकर. गावरान आणि संकरित बियाण्यातला फरक आपल्याला ठाऊकच आहे.

आता सिंगापूरला जाऊ. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन घरातल्या बाई तिथे राहत. मोठ्या कुटुंबातली ही थोरली मुलगी, बागकामात तरबेज. 1893 साली त्यांनी एक नवं ऑर्किड सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडले यांच्याकडे नेलं.

रिडले यांनी फूल पारखलं. सिंगापूरच्या बागांमध्ये तेव्हा ऑर्किडच्या दोन जाती सर्रास लावत. एक व्हँडा टेरेस, दुसरी व्हँडा हुकेरियाना. दोन्हींची पानं पेन्सिलीसारखी गोल. टेरेसचं पान जाड, हुकेरियानाचं बारीक. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी ओठासारखी पुढे आलेली असते. हुकेरियानाचा ओठ पंख्यासारखा रुंद, त्यावर जांभळे ठिपके आणि रेषा. टेरेसचा ओठ त्या मानाने अरुंद. नवं रोप या दोघींच्या बरोबर मधलं होतं. थोडं हिचं, थोडं तिचं. संकर ओळखायची ही जुनी रीत. एकच खूण धरायची नाही. पान, ओठ, रंग, ठिपके सगळं दोन्ही आईबापांशी ताडून बघायचं.

त्याच वर्षी रिडले यांनी लंडनच्या बागकामाच्या पत्रात लिहिलं, की जोकिमबाईंनी या दोन जातींचा संकर केला. त्यांचंच नाव फुलाला दिलं, व्हँडा मिस जोकिम. पण एक गोष्ट राहून गेली होती. दोघींपैकी पराग कुठल्या जातीचा घेतला, याची नोंदच ठेवलेली नव्हती.

1899 साली सिंगापूरच्या पुष्पप्रदर्शनात या फुलाला बक्षीस मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅग्नेसबाई वारल्या. वय अवघं 45.

त्यानंतर हळूहळू दुसरीच गोष्ट पसरली. बाईंनी काही केलं नाही, एका सकाळी बांबूच्या बेटात त्यांना ते फूल आयतं सापडलं म्हणे! काही अभ्यासकांनाही ते पटलं. कारण भुंगे दोन्ही फुलांवर जातात, त्यामुळे असा मेळ आपोआपही होऊ शकतो. शिवाय ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात कोंबासाठी अन्नाचा साठा नसतो, ते रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. त्या काळी ते रुजवणं फार अवघड होतं.

इथे फुलाची खूण अपुरी पडते. आईबाप कोण, हे फूल सांगतं. मेळ भुंग्याने घातला की बाईच्या हाताने, हे सांगत नाही. ते कळतं फक्त लिहिलेल्या शब्दावरून.

दरम्यान फुलाचं नाव होत राहिलं. हवाई बेटांवर हारांसाठी त्याची लागवड झाली. 1981 मध्ये सिंगापूरने त्याला राष्ट्रीय फूल केलं. बाईंचं श्रेय मात्र वादातच राहिलं. शेवटी जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली गेली. बाईंना ओळखणाऱ्या, फूल डोळ्यांनी पाहिलेल्या रिडले यांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं. त्याच्या आधारावर 2016 मध्ये सिंगापूरच्या सरकारी संस्थांनी मान्य केलं, की हा संकर अ‍ॅग्नेस जोकिम यांनीच केला. फूल जगापुढे आलं, त्याला 123 वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, आपणही वालाचं, घेवड्याचं, भोपळ्याचं बी निवडतो, राखतो, एकमेकींना देतो. चांगलं निघालं की लोक म्हणतात, जमीनच चांगली, पाऊसच चांगला. म्हणून गटाच्या वहीत एक पान बियाण्यासाठी ठेवू या. वाण कुठला, कोणाकडून आणला, कोणी निवडला, कुठल्या साली पेरला. चार ओळी आणि त्याखाली बाईचं नाव, पूर्ण.