हिरडीची शस्त्रक्रिया आणि रक्ताचा प्रश्न

चूळ भरताना गार पाणी झोंबतं, आरशात दात लांब दिसतो, म्हणजे हिरडी सरकली. ती आपोआप पूर्ववत होत नाही. झाकायची तर शस्त्रक्रिया. पण उघड्या पडलेल्या मुळाच्या पृष्ठभागाला रक्त नसतं. त्यावर ठेवलेला तुकडा जगणार कशावर? सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

१९५६ साली ग्रुप आणि वॉरन यांनी शेजारची हिरडी एका अंगाने जोडलेलीच ठेवून मुळावर सरकवली. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. सुश्रुतसंहितेत नाक करताना गालाची त्वचा अशीच जोडलेली ठेवतात. १९६३ मध्ये ब्यॉर्न यांनी टाळूचा तुकडा सुटा काढून लावला. हिरडी रुंद झाली, पण मूळ भरवशाने झाकलं जाईना. १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी टाळूच्या आतला थर हिरडीच्याच पदराखाली ठेवला. आता रक्त वरूनही मिळालं, खालूनही. माझ्या मते खरी उडी हीच.

त्याच वर्षी मिलर यांनी मर्यादाही मांडली: दातांमधलं हाड झिजलं असेल, तर मूळ पूर्ण झाकत नाही. माझं तेच झालंय. डॉक्टर म्हणाले, ‘सर, निम्मंच झाकेल.’ मी अजून हो म्हटलेलं नाही.