न दिसणारे दात

बैलबाजारात जनावराचे दात पाहिल्यावाचून सौदा करू नये, हा आपल्या शेतकऱ्यांचा पिढीजात दंडक. जनावर दुदाती, चौदाती की जुळलेले, एवढे उमगले की त्याचे वय आणि त्यावरून त्याची किंमत रुमालाखाली बोटे दाबून ठरविता येत असे. पेट्रोलच्या जुन्या मोटारीचे दातही धुरावरून आणि इंजिनाच्या कण्हण्यावरून जाणत्या मिस्त्रीला दिसतात. विजेच्या मोटारीचे मात्र तसे नाही. आणि म्हणूनच, नवी घ्यावी की वापरलेली, हा जो प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास पडला आहे, तो वाटतो तितका नवा नसून अमेरिकेतील गिऱ्हाइकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच त्याच्याशी झुंज घेतलेली आहे.

१९०० साली त्या देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या, हे आज सांगितले तर ऐकणाऱ्यास थट्टा वाटेल. डेट्रॉइट शहरातील अँडरसन या बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्याने १९०७ पासून 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' विकावयास आरंभ केला. हँडल फिरविण्याची यातायात नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून संपन्न घरांतील स्त्रियांना ती विशेष प्रिय झाली. आणि ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलची मोटार घरोघर पोचविली, त्याची पत्नी क्लारा स्वतः हीच विजेची मोटार चालवीत असे, हा गृहस्थाश्रमातील विनोद इतिहासाने जपून ठेवला आहे.

परंतु या राजेशाही वाहनाच्या पोटात जी बॅटरी असे, तिचे आयुष्य वाहनाच्या आयुष्याशी बांधलेले नव्हते. गंधकाम्लात बुडविलेल्या शिशाच्या पट्ट्यांवरील लेप दर भरणी-उपशागणिक थोडाथोडा झडून तळाशी गाळ साचे, तो गाळ वाढत पट्ट्यांच्या कडांना भिडला की तो घटक आतल्या आत निकामी होई, आणि वरच्या लाकडी कामाची झिलई तेवढ्यात तसूभरही उतरलेली नसे. म्हणजे जुनी मोटार घेणारा इसम रोख रक्कम मोजी ती वस्तुतः दोन वस्तूंसाठी. त्यांपैकी एक डोळ्यांना दिसे, दुसरीचे वय केवळ विकणाऱ्याच्या इमानावर अवलंबून राही. एडिसनने यावर निकेल-लोखंडाची दीर्घायुषी बॅटरी काढली खरी. पण तिची पहिली आवृत्ती गळू लागल्याने त्याला बाजारातून परत घ्यावी लागली, आणि सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये ती बसवून घेण्यास ६०० डॉलर जादा पडत. १९०८ साली फोर्डची संपूर्ण मॉडेल टी ८५० डॉलरला मिळत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढे काय घडणार याचा अदमास कोणासही करता येईल.

मला या साऱ्या कहाणीत खरे चातुर्य दिसते ते अमेरिकेतीलच हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीचे. तिने १९१० नंतरच्या वर्षांत अशी व्यवस्था बसविली की गिऱ्हाइकाने, प्रामुख्याने मालमोटारींच्या मालकाने, गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी. बॅटरी कंपनीच्या मालकीची राहावी, रिकामी झाली की भरलेलीशी बदलून मिळावी, आणि मोबदल्यात दरमहा ठराविक रक्कम व शिवाय कापलेल्या मैलांप्रमाणे आकार द्यावा. कुळाने जमीन विकत न घेता कबुलायत लिहून खंडाने कसावी, तसाच हा प्रकार. जमिनीचा कस उतरल्याची चिंता कुळाने नव्हे, मालकाने वाहावयाची. १९२४ पर्यंत या योजनेतील गाड्यांनी साठ लाखांहून अधिक मैल तुडविले. शिकागोतही १९१७ पासून मिलबर्न कंपनीच्या हलक्या विद्युत मोटारी याच रीतीने घेता येत. पुढे स्वस्त पेट्रोलने हा सारा व्यापारच बुडविला. शेवटची डेट्रॉइट इलेक्ट्रिक १९३९ च्या फेब्रुवारीत कारखान्याबाहेर पडली.

तीच कबुलायत २०२४ साली आपल्या देशात पुन्हा निघाली आहे. बॅटरीखेरीज गाडी घ्या आणि किलोमीटरमागे भाडे भरा, असे मोटारविक्रेते सांगू लागले आहेत. ज्यास असे भाडे नको व जुनीच गाडी हवी, त्यास आता यंत्र जोडून बॅटरीची शिल्लक शक्ती शेकड्यात वाचता येते, आणि बहुतेक कंपन्यांची आठ वर्षांची हमीही पदरी असते. दात अगदीच अदृश्य उरलेले नाहीत. तरीही तो आकडा म्हणजे आजचा हिशेब, मागचे दफ्तर नव्हे. अ‍ॅरिझोनाच्या भाजणाऱ्या उन्हात निसान लीफ या विजेच्या मोटारीच्या बॅटऱ्या अपेक्षेआधीच क्षीण होऊ लागल्या, ही तक्रार २०१२ च्या सुमारास गाजली होती. म्हणून हल्ली कोणी मजजवळ जुन्या विद्युत मोटारीविषयी सल्ला मागितला, तर ती किती किलोमीटर धावली हे मी मागाहून विचारतो. आधी विचारतो, ती इतकी वर्षे उभी कोठे होती, चंद्रपुरात की महाबळेश्वरी?