एका बटणाचा इतिहास

जगात प्रश्न दोन जातींचे असतात. एका जातीला निदान दोन उत्तरे असतात. दुसरीला एकच. "मार्चअखेर आहे, रविवारी येणार ना?" हा मॅनेजरसाहेबांचा प्रश्न दुसऱ्या जातीतला. संगणकाच्या पडद्यावर मध्येच उगवणारी ती चौकोनी पाटीही त्याच कुळातली. खाली बटण एकच: 'ओके'. नको म्हणायची सोयच नाही!

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि तलवारी आठवतात. पण या बटणालाही इतिहास आहे. 1995 च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली. (दहा दिवसांत आमच्याकडे डुप्लिकेट पासबुकाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, तोही वारा असला तर.) या भाषेत 'अलर्ट' नावाची आज्ञा आली. तिचा नियम असा, की पाटी दिसली की ओके दाबेपर्यंत पानाचे बाकीचे काम ठप्प. हेतू चांगलाच होता. पण "पाटी दाखव, मिटली की पुन्हा दाखव, आणि हे कायम चालू ठेव," एवढे सांगायला खोडकराला एक ओळ पुरते.

त्या काळचा ब्राउझर म्हणजे एकाच काउंटरची शाखा. "मला फक्त एकच विचारायचंय," म्हणत कुणी खिडकीशी ठाण मांडले, की मागची सगळी रांग खोळंबली. मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबून ब्राउझरच बंद पाडायचा. म्हणजे एका गिऱ्हाइकापायी शाखेलाच टाळे!

अलर्टचा चुलतभाऊ म्हणजे पॉप-अप जाहिरात. एका मोटार कंपनीची जाहिरात कुणाच्या तरी अश्लील पानावर झळकली, कंपनी खवळली. म्हणून ट्रायपॉड या संकेतस्थळावरच्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती काढली. पुढे 2014 मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून माफीही मागितली.

सुधारणा सावकाश आली. 2008 मध्ये गूगलच्या क्रोमने टॅबांना वेगवेगळी काउंटरे दिली. एक अडले तरी बाकीची चालू. 2011 मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीने अलर्टची पाटी तिच्या टॅबपुरतीच ठेवली आणि 'या पानाला आणखी पाट्या दाखवू देऊ नका' अशी खूण करायची चौकटही दिली. सोळा वर्षांनी का होईना, माणसाला 'पुरे' म्हणता आले.

तरी पोलीस मागे राहिलेच. मार्च 2019 मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातल्या पोलिसांनी अशाच न संपणाऱ्या पाटीच्या पानाचा दुवा टाकल्याबद्दल एका 13 वर्षांच्या मुलीला समज दिली. टॅब बंद केला की जाणारी ती गंमत. हा गुन्हा कसला, म्हणून तिथले संगणकवाले चिडले.

खरे गुन्हेगार वेगळेच. तीच पाटी, वर लाल अक्षरांत: संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. आमच्या काउंटरवर एक पेन्शनर काका मुदत ठेव मोडायला आले. हात थरथरत होते.

"साहेब, ओके नाही दाबलं तर दंड पडतो का हो?"

"काका, दंड फोन केल्यावर पडतो," मी म्हणालो. ठेव मोडली नाही.

त्यांना कागदावर लिहून दिले ते असे. नंबर फिरवायचा नाही. पाटीने पूर्ण पडदा व्यापला असेल, तर एस्केप कळ दाबून धरायची. मग कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून टॅब बंद. ऐकले नाही तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबायचे, यादीतून तो टॅब निवडून संपवायचा. तेही नाही जमले, तर त्याच जुन्या तीन कळा आणि टास्क मॅनेजर. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "मघाची पाने परत आणू का?" असे तो अदबीने विचारतो. तिथे मात्र बिनदिक्कत नाही म्हणायचे.

काकांनी कागदाची घडी खिशात ठेवली आणि जाता जाता विचारले, "हे असं सगळीकडे चालतं का हो? म्हणजे घरीसुद्धा?"

त्या खात्यात आमचा अधिकार नाही. तिथे अजून बटण एकच आहे.