शिकाऊ मुलाचा करारनामा

संत डॉन बॉस्को म्हटले की मुलांच्या घोळक्यात उभे असलेले हसतमुख धर्मगुरू आपल्या डोळ्यांसमोर येतात. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. त्यांच्या सेवाकार्याचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल तर एका मुद्रांकित कागदाकडे वळावे लागते. त्यावर ८ फेब्रुवारी १८५२ हा दिनांक आहे.

इ.स. १८४१ मध्ये गुरुदीक्षा झाल्यावर बॉस्को तुरीन नगरीत आले. आज इटलीत असलेले हे शहर त्या काळी वाढत होते. आसपासच्या डोंगराळ खेड्यांतून लहान लहान मुले गवंड्यांच्या हाताखाली राबण्यासाठी येत. कारागिरांचे जुने संघ इ.स. १८४४ मध्ये राजाज्ञेने बरखास्त झाले आणि शिकाऊ मुलांवर देखरेख ठेवणारी जुनी व्यवस्थाही त्यांच्याबरोबर गेली. मूल सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर आले. फादर काफास्सो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तुरुंगांना भेटी देताना बॉस्को ह्यांना दिसले, की सुटून गेलेली कित्येक मुले पुन्हा तेथेच परततात, कारण बाहेर त्यांना कोणी वाली नसतो.

इ.स. १८४६ च्या पुनरुत्थान सणाला वाल्दोक्को भागातील एका साध्या पडवीत त्यांच्या ‘ऑरेटरी’ला कायमची जागा मिळाली. प्रार्थना, खेळ, रात्रीचे वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी त्यांच्या मातोश्री मार्गारेटा गाव सोडून तेथे राहावयास आल्या आणि मुलांच्या आई झाल्या. तथापि, रविवारी मायेने जवळ घेतलेले मूल सोमवारी मालकाच्या दारी जाई. त्या सहा दिवसांचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तो करारनामा. एका बाजूस सुतार जुझेप्पे बेर्तोलिनो, दुसऱ्या बाजूस जुझेप्पे ओदास्सो हा शिकाऊ तरुण, सोबत त्याचे वडील आणि स्वतः डॉन बॉस्को. सुताराने दोन वर्षांत धंदा शिकवावा. चुकल्यास शब्दांनी समजवावे, मारहाण करू नये. धंद्याबाहेरची कामे लावू नयेत. सणवार मोकळे ठेवावेत. ठरलेली मजुरी द्यावी. मुलानेही आज्ञाधारक राहावे, मन लावून शिकावे; त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवण्याची हमी डॉन बॉस्को ह्यांनी घेतली.

विद्यार्थिदशेत शिंप्याकडे व लोहाराकडे काम शिकलेल्या ह्या माणसाला कारखान्याची रीत ठाऊक होती. मालकाच्या दयाबुद्धीवर त्यांनी विसंबून राहिले नाही; तिला कागदावर बांधून घेतले. भिक्षा घेणाऱ्याला अटी घालता येत नाहीत. करारावर मात्र गरीब सुतारशिक्याचे नाव मालकाच्या नावाशेजारी येते आणि त्याचा शब्दही मोलाचा ठरतो. आमच्या मते, ह्या कागदाचे खरे थोरपण ह्यात आहे.

पुढे, इ.स. १८५३ पासून, त्यांनी ऑरेटरीतच चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा उघडल्या. मागोमाग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. इ.स. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या सालेशियन संस्थेने ही परंपरा देशोदेशी नेली. इ.स. १९०६ मध्ये सालेशियन मिशनरी तंजावरला आले. मुंबईत कुर्ल्याच्या डॉन बॉस्को संस्थेत आजही तरुण हातांना तंत्रशिक्षण मिळते. इ.स. १९५८ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी संत डॉन बॉस्को ह्यांना इटलीतील शिकाऊ उमेदवारांचे आश्रयदाते घोषित केले.

आपल्या देशातही इ.स. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने लेखी कराराची अट घातली आहे. तरीही गॅरेजात, भटारखान्यात, बांधकामावर नुसत्या तोंडी शब्दावर राबणारी मुले आपण पाहतो. आपल्यापैकी काही जण त्यांचे मालक आहेत, काही जण पालक. गरीब मुलाच्या शिक्षणासाठी चर्चमध्ये पैसे देणे पुण्याचेच आहे. परंतु आपल्या हाताखालच्या मुलाचे कामाचे तास, त्याची सुट्टी आणि त्याची मजुरी आपण कोठे लिहून ठेवली आहे काय, हेही प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.