दृष्टीच्या स्थैर्याची कथा



हातातील पुस्तिका स्थिर धरा आणि मान भरभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पुस्तिका तितक्याच वेगाने हलवा. ओळी पुसट होतात. अक्षरांच्या संगतीत आयुष्य गेले, तरी या भेदाचे कारण मला निवृत्तीनंतरच्या वाचनातच उमगले.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी हे तरुण वैद्य रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत. कित्येकांना घेरी येई आणि त्यांचे डोळे एका बाजूस झटके देत. एका रुग्णाने सांगितले की, पाणी पुरेसे ऊन नसले तरच आपणास घेरी येते. परिचारिकेच्या मते पाणी ऊनच होते. तरीही बाराणींनी रुग्णाचे म्हणणे मानले. पुढच्या खेपेस पाणी फारच कढत आले. घेरी पुन्हा आली. मात्र डोळ्यांचे झटके आता नेमके उलट दिशेने होते!

बाराणींनी ताडले, की अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव उष्णतेने वर चढतो, थंडाव्याने खाली उतरतो. डोके न फिरताही ते फिरल्याचा निरोप मेंदूकडे जातो आणि डोळे तो पाळतात. या कार्यास १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

१९३३ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ लोरेंते दे नो यांनी या निरोपाचा मार्ग विशद केला. कानापासून डोळ्याच्या स्नायूपर्यंत अवघ्या तीन चेतापेशींची साखळी! म्हणूनच डोके वळताच, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात, डोळे उलट दिशेस वळतात. पुस्तिका हलते तेव्हा कानाला काहीच कळत नाही. नजरेला तिच्यामागे धावावे लागते आणि ती मागे पडते.

ही साखळी तुटली तर? १९५२ मध्ये एका डॉक्टरने स्वतःचीच कहाणी प्रसिद्ध केली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनने त्याची ही यंत्रणा निकामी झाली होती. अंथरुणात वाचताना नाडीच्या प्रत्येक ठोक्यास अक्षरे हलत. पलंगाच्या गजांत डोके घट्ट टेकवूनच त्याला वाचता येई.

हे वाचताना मला माझ्या वर्गातील एक मुलगा आठवला. ‘सर, अक्षरे हलतात’, असे तो म्हणाला होता आणि ‘नीट बघ’ म्हणून मी त्याला खाली बसविले होते. त्याचे कारण कदाचित निराळेच असेल. पण बाराणींनी जे केले, ते मी केले नाही. मी त्याला विचारले नाही.