लहान मुलांना गाडीचा वेग का कळत नाही?

"दोन्हीकडे बघून रस्ता ओलांड" हे सहा-सात वर्षांच्या मुलाला पाठ असते. पण गाडी दिसणे वेगळे आणि ती किती वेगाने येतेय हे कळणे वेगळे. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने जवळ येणारी गाडी प्राथमिक शाळेतील मुलांच्या नजरेला खात्रीने टिपता येत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. ती क्षमता वयानुसारच वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे येते. म्हणून शाळेजवळ वेग कमी करणे ही चालकाचीच जबाबदारी. स्वीडनच्या बालमानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स १९६० च्या दशकापासून हेच मांडत होत्या.

सर्वांत फसवी जागा म्हणजे उभ्या स्कूल बसचा पुढचा भाग. तिथून धावत निघालेले मूल बसमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसतच नाही, मुलालाही दुचाकी दिसत नाही. बस निघून जाईपर्यंत मुलाला कडेलाच थांबवावे. पलीकडून हाक तर मुळीच मारू नये, आईबाबा दिसले की मूल रस्ता विसरते. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. मुलाचा हात धरून, त्याला वाहनांपासून दूरच्या बाजूला ठेवून.